सस्पेन्शन कडक की हवा जास्त?

ह्युंदाई आय-ट्वेंटीची एन लाइन, म्हणजे कडक सस्पेन्शनची स्पोर्टी आवृत्ती, घेतली तर सोलापूरच्या रस्त्यांवर पाठ धरेल, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. माझ्या आय-ट्वेंटी एन लाइनला दीड महिना झाला, बाराशे किलोमीटर झाले. पहिल्या आठवड्यात होटगी रोडचा एकेक खड्डा मणक्यात जाणवायचा. सहज हवा तपासली, तर चारही टायरांत ४० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) वर! ट्रेलरवरून येणाऱ्या नव्या गाड्यांत हवा जास्त ठेवतात आणि ताब्यात देताना ती कमी करायची राहून जाते. दाराजवळच्या स्टिकरवर आहे तेवढी केली, निम्मा त्रास गेला. उरलेला कडकपणा आहेच म्हणा, १६ इंची चाकं हौसेनं घेतली तर तेवढं सोसायचं.

फक्त हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. तापमान १० अंश सेल्सियसनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआय चढतो, आणि आपल्या मे महिन्यात दुपारी पुण्याहून आल्या आल्या पंपावर हवा कमी केलीत, तर दुसऱ्या दिवशी टायर मऊ पडलेले दिसतील. बाकी इंजिनाबद्दल तक्रार करायला जागाच नाही. १७२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, १५०० आरपीएमपासूनच (इंजिन हळू फिरत असतानाच) मिळतो, मोहोळच्या पुढे ट्रक ओलांडताना गिअर उतरवायची आठवणही होत नाही.