सोडा आणि व्हिनेगर एकत्र नको
खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बाथरूम धुण्याचा उपाय सुचवला जातो, त्यात दुरुस्ती हवी. फेस भरपूर येतो, पण व्हिनेगरमधलं आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात. उरतं ते जवळपास खारट पाणी. वेगवेगळे वापरा. तेलकट ओटा ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन घासा. नळावरच्या पांढऱ्या थरासाठी 1 लिटर कोमट पाण्यात 2 मोठे चमचे सायट्रिक अ‍ॅसिड घाला, लावून 15 मिनिटांनी धुवा. शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर मात्र हे पडू देऊ नका. हे दगड चुन्याचे, आम्लानं झिजतात, पुन्हा पॉलिश केल्याशिवाय चकाकी परत येत नाही. आणि ब्लीचसोबत कुठलंही आम्ल कधीच नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो!

कपड्यांची पावडर घेताना 'हर्बल' शब्दावर विसंबू नका, फॉस्फेटविरहित आहे का ते बघा. फॉस्फेट म्हणजे जलपर्णीला खत, आणि कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर, पंचगंगा नदीवर जलपर्णी आपण पुरेशी पाहिलीय.

रिठ्याचं पाणी करायचं तर 10-12 रिठे बिया काढून 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी 15 मिनिटं उकळून गाळा. बाहेर ठेवलं की दोन-तीन दिवसांत आंबतं, म्हणून थोडंच करा.