मदत हवी आहे: लाडकी बहीण चालू असताना निराधार योजनेचा अर्ज करता येतो का? (कोल्हापूर शहर)

रंकाळाकाठ:
शेजारच्या वहिनींसाठी विचारतोय. वय ३८, गेल्या वर्षी नवरा वारला. दोन घरची धुणीभांडी करून महिन्याला ४५०० मिळतात, दुसरी कमाई नाही. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत, सासूबाई ६८ वर्षांच्या. केशरी कार्ड आहे पण धान्य मिळत नाही. लाडकी बहीणचे १५०० येतात. तेल, गॅस, शाळेची रिक्षा, सगळंच चढलंय. संजय गांधी निराधारचा फॉर्म भरा असं सगळे सांगतायत. बसेल का?

चावडीवरचा:
बसणार नाही, आणि बसलं तरी उपयोग नाही. निराधारला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं (दिव्यांगांना ५०,०००). इथं ४५०० च्या हिशेबानं ५४,००० होतात. शिवाय विधवा म्हणून निराधारचेही १५००च, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० घेणारी महिला लाडकी बहीणला अपात्र ठरते. म्हणजे एक चालू करायचं आणि एक बंद पाडायचं.

"२१ हजारांचा दाखला काढून देतो" म्हणणारा एजंट कचेरीबाहेर हमखास भेटेल. त्याच्या नादाला लागू नका. खरा ५४ हजारांचा दाखलाच या घराच्या कामाचा आहे.

बालसंगोपनवाली:
मुलांचं कुणी बोललंच नाही! क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक वारलेल्या मुलाला १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत महिना २२५०. दोघांचे ४५००, म्हणजे वहिनींच्या कमाईइतके. मुलांच्या नावानं असल्यानं आईच्या लाडकी बहीणशी याचा संबंध नाही.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात, तहसीलला नव्हे. वडिलांचा मृत्यू दाखला, मुलांचे आधार आणि जन्मदाखले, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्न दाखला, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुक, आईसोबत मुलांचा घरासमोरचा फोटो. घरी चौकशी होते, मग बाल कल्याण समिती आदेश काढते. अनुदान दरमहा वेळेवर येईलच असं नाही, कधी काही महिन्यांचं एकदम जमा होतं. रिक्षावाल्याला त्यावर वायदा करू नका.

चावडीवरचा:
बरोबर, हे आधी करा. उत्पन्न दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे मार्चमध्ये काढलात तर पुढच्याच महिन्यात परत रांगेत. दाखल्याचा अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत.

आता रेशन. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी (म्हणजे धान्य मिळणाऱ्या यादीसाठी) वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० आहे (ग्रामीणला ४४,०००), म्हणजे ५४ हजारांवर या बसतात. आधी मृत्यू दाखला देऊन नवऱ्याचं नाव कमी करा. अन्न सुरक्षा कायद्यात कुटुंबप्रमुख घरातली सर्वांत मोठी बाई धरतात, म्हणजे सासूबाई. मग पुरवठा शाखेत प्राधान्य यादीत घेण्याचा लेखी अर्ज, पोच घेऊनच. माणशी ५ किलो, चौघांचे २० किलो, मोफत. अडतं ते इष्टांकावर. जिल्ह्याचा कोटा भरलेला असला की पात्र असूनही थांबावं लागतं. नावं कमी झाली की जागा होते. पोच नसेल तर तुम्ही रांगेत आहात हे कुणाला कळणारच नाही.

रंकाळाकाठ:
सासूबाईंना श्रावणबाळ (म्हातारपणाची पेन्शन) बसेल का? आणि त्यांचा अंगठा मशीनवर उठत नाही, रेशनची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) कशी करायची?

चावडीवरचा:
श्रावणबाळला ६५ वय आणि महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य, ते ठीक. पण अट तीच २१ हजार. एका कार्डावर सुनेचं उत्पन्न धरलं जाणार. दारिद्र्यरेषेच्या जुन्या यादीत घराचं नाव आहे का ते मात्र बघून घ्या; असेल तर इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा रस्ता उघडतो. अंगठ्याला पर्याय 'मेरा ई-केवायसी' ॲप, चेहऱ्यावरून होतं. नाहीतर दुकानदाराकडे डोळ्याचं स्कॅनर आहे का विचारा.

बालसंगोपनवाली:
लाडकी बहीणची ई-केवायसीही तपासा. त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागतात. विधवांनी स्वतःची केवायसी करून मृत्यू दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय केली होती. ती दिली नसेल तर उद्याच सेविकेला गाठा.

पैसे आधार सीडिंग असलेल्या, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी आधारशी जोडलेल्या खात्यातच पडतात. पासबुकाला आधार जोडलं म्हणजे सीडिंग झालं असं नव्हे; बँकेत "डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांसाठी) एनपीसीआयला (बँकांच्या पेमेंट यंत्रणेला) मॅप करा" असं स्पष्ट सांगायचं. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी मॅप केलेल्या खात्यात पैसे जातात आणि माणूस दुसऱ्याच पासबुकात शोधत बसतो.