डायलिसिसच्या पिशवीचं कनेक्टर आईला जमत नाहीये, डिझाइन कुठून बदलायला घेऊ?

रेघोटी
नमस्कार मंडळी, मी प्रॉडक्ट डिझाइन शिकतेय, शेवटचं वर्ष आहे आणि प्रोजेक्टचा विषय मला घरातच सापडलाय. आईचं पोटाचं डायलिसिस म्हणजे सीएपीडी घरीच चालतं, दिवसातून चार वेळा दोन-दोन लिटरची पिशवी. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, पोटातून आलेल्या नळीला ट्रान्सफर सेट म्हणतात, त्याच्या टोकाचं टोपण फिरवून काढायचं, पिशवीच्या नळीची रिंग ओढून काढायची आणि दोन्ही उघडी टोकं कशालाही लागू न देता एकमेकांत फिरवून बसवायची. सगळा धोका त्या मधल्या तीन-चार सेकंदांत आहे कारण तिथे बोट लागलं की जंतू थेट पोटात आणि मग पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाचं इन्फेक्शन. आईच्या बोटांना संधिवात आहे. रिंग ओढताना तिचा अंगठा सरकतो आणि परवा मी दारातून बघितलं तर तिने ती रिंग चक्क दातांनी ओढली. मला रडूच आलं. तिला सगळं माहितीये हो, हात किती वेळा धुवायचे, मास्क कसा लावायचा, पण बोटांनी साथच दिली नाही तर ती तरी काय करणार.

माझ्या डोक्यात असं आहे की कनेक्टरला मोठे पंख द्यायचे, आट्यांऐवजी दाबून क्लिक होणारं करायचं आणि दोन्ही बाजूंना एकच ठळक रंग. बरोबर दिशेने चाललेय का?

रात्रपाळी
ताई, आधी आईंचं बोलूया. टोक तोंडाजवळ गेलं असेल तर ते त्यांच्या डायलिसिस युनिटला आजच कळवा, लपवू नका. आणि पुढे कधी टोकाला हात लागलाय अशी नुसती शंका जरी आली तरी जोडायचं नाही, क्लॅम्प बंद ठेवायचा आणि फोन करायचा, ते ट्रान्सफर सेट बदलून देतात. त्यात ओरडा खाण्यासारखं काही नाही.

आता डिझाइनचं. मी बरीच वर्षं वॉर्डात काढलीयेत आणि रंगावर माझा अजिबात भरवसा नाही. रात्री मंद दिव्यात निळा आणि हिरवा सारखाच दिसतो, काहींना तर दिवसाही रंग नीट कळत नाहीत. रंग असू द्या, पण चुकीचं टोक मुळात बसलंच नाही पाहिजे. सलाईन, सिरिंज, पाठीच्या कण्यातली सुई, नाकातल्या नळीचं फीडिंग, कित्येक वर्षं सगळ्याला एकच ल्युअर जोड होता, तो सहा टक्के उताराचा निमुळता जोड, आणि सगळं सगळ्यात बसायचं म्हणून नळीतून द्यायचं दूध शिरेत गेल्याने माणसं गेलीयेत. व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध फक्त शिरेतून द्यायचं असतं, ते कण्यात गेलं तर पेशंट बहुतेक वाचत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय की ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या पिशवीत पातळ करून द्या, कारण पिशवी कोणी कण्याच्या सुईला जोडायला जात नाही. या अशा चुकांसाठीच आयएसओ ८०३६९ ही जोडांच्या आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आली, त्यातून फीडिंगसाठी एनफिट आणि कण्यासाठी एनआरफिट असे वेगळे जोड निघाले, एनआरफिटचा व्यास ल्युअरपेक्षा साधारण २० टक्के कमी आहे. तुमचा जोड कितीही सोपा करा, पण सलाईनच्या सेटमध्ये तो अर्धवटसुद्धा अडकता कामा नये. अर्धवट अडकणं जास्त वाईट, कारण घाईत तो बसलाय असंच वाटतं.

अजून एक, क्लिकचा आवाज धरून चालू नका. वयस्कर माणसाला तो ऐकू येईलच असं नाही, बोटाला जाणवायला हवा.

साचेवाला
मी प्लास्टिकच्या साच्यांवर काम करतो, मेडिकलचे पार्ट पण केलेत, त्यामुळे माझं बोलणं जरा कोरडं वाटेल. क्लिकचा मोह आवरा. क्लिक बसवायला सरळ रेषेत जोर लागतो आणि तो जोर दुसऱ्या हाताने तेवढाच अडवावा लागतो, संधिवाताच्या हाताला नेमकं तेच जमत नाही, शिवाय दाबताना हात सटकला की टोक थेट बोटावर. आट्यांचा फायदा असा की थोड्या जोरात जास्त घट्टपणा मिळतो. पूर्ण दोन-तीन वेढे नकोत, अर्ध्या फेऱ्यात बसेल असे जाड आटे द्या आणि शेवटी ठाम अडथळा द्या की संपलं हे हाताला कळेल. अडथळा विसरलात तर पंखच अंगाशी येतील, कारण पंखांमुळे धडधाकट नातेवाईक इतका पीळ देतो की बाहेरचा भाग तडकतो, आणि ती केसासारखी चीर डोळ्याला दिसतही नाही, तिथून नुसतं झिरपत राहतं.

मटेरियलचं पण बघा. पॉलिकार्बोनेट कडक आणि पारदर्शक म्हणून सगळ्यांना आवडतं पण ताणाखाली असताना त्याला स्पिरिट लागत राहिलं तर ते तडकतं. पॉलिप्रॉपिलीन तसं तडकत नाही पण ते सैलावतं, घट्ट बसवलेला निमुळता जोड काही तासांनी ढिला होऊ शकतो. आणि मुख्य मुद्दा, द्रवाची पिशवी भरून झाल्यावर १२१ डिग्रीला वाफेत निर्जंतुक होते, त्या उष्णतेत मऊ पीव्हीसी आणि टोपण एकमेकांना धरून बसतात. म्हणजे ड्रॉइंगवर रिंग सहज निघते आणि आईंच्या हातात येईपर्यंत ती चिकटलेली असते. म्हणून ओढायला किती जोर लागतो ते निर्जंतुक झालेल्या पिशवीवरच मोजा, साध्या ताणकाट्याने पण अंदाज येईल. कोरड्या हाताने मोजा आणि हात धुतल्यावर जरा ओलसर असतो तेव्हा पण मोजा, फरक बघून दचकाल.

चौथी_पिशवी
माझ्या वडिलांचं सहा वर्षं सीएपीडी चाललं, त्या अनुभवावरून सांगतो. नवीन काही करताना आत्ता आहे ती एक गोष्ट मोडू नका. १९७६ साली अमेरिकेत पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी ही पद्धत मांडली तेव्हा द्रव काचेच्या बाटल्यांत यायचं, मग टोरंटोत डॉक्टर ओरिओपुलोसनी प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या, रिकामी पिशवी घडी करून अंगावरच बाळगायची आणि पुढच्या वेळी तिचा टोकदार स्पाइक काढून नव्या पिशवीत खुपसायचा. इन्फेक्शन तरी होतच राहायचं. मोठा फरक पडला तो ८० च्या दशकात इटलीतून आलेल्या वाय आकाराच्या सेटने. त्यात जोडणी झाल्यावर थोडं ताजं द्रव आधी रिकाम्या पिशवीत सोडतात, बाबा मनात पाच मोजायचे, आणि मगच पोटाकडे. जोडताना जे काही जंतू आत शिरले असतील ते धुऊन उलट्या दिशेला जातात. म्हणजे माणसाकडून चूक होणार हे त्यात गृहीतच धरलंय, मला हे फार आवडतं. तर तुमच्या जोडात द्रव साचून राहील असा कोपरा ठेवू नका, नाहीतर तेवढी जागा धुतलीच जाणार नाही.

आणि टोक आत दडवा ना, भोवती कडं असेल तर बोट लागलं तरी कड्याला लागेल.

रेघोटी
सगळ्यांचे मनापासून आभार. युनिटला फोन केला, सिस्टर अजिबात रागावल्या नाहीत, तपासणीला बोलावलंय.

काल आईच्या परवानगीने तिच्या हातांचा व्हिडिओ काढला आणि पाच-सहा वेळा बघितला. मी रिंगलाच दोष देत होते पण खरी अडचण त्याच्या आधीच आहे. टोपण काढल्यावर ट्रान्सफर सेटचं उघडं टोक तिच्या डाव्या हातात असतं, मग पिशवीची नळी धरायला एक हात आणि रिंग ओढायला अजून एक, म्हणजे तीन हात लागतात! तिसऱ्या हाताचं काम ती दातांकडून करून घेत होती. म्हणून आता वाटतंय की कनेक्टरला हातच लावू नये, टेबलावर ठेवायचा एक छोटा स्टँड करावा, पिशवीची नळी त्याच्या खाचेत बसेल आणि रिंग एका हाताने ओढता येईल.

रात्रपाळी
हे जास्त पटतंय. फक्त खाच एवढी रुंद ठेवा की कापड घातलेलं बोट तळापर्यंत पुसू शकेल. एनफिटच्या नळीच्या तोंडाभोवती खोलगट भाग आहे, त्यात फीड अडकून वाळतं आणि ते काढायला आम्हाला ब्रश लागतो. आणि नळी स्टँडमध्ये असताना टोक खाली झुकणार नाही ना, ते ओल्या नळीवर करून बघा.