स्टिमाचला अजून किती वेळ द्यायचा?

(मार्च 2024 मधला फुटबॉलप्रेमींचा ऑनलाइन धागा. इगोर स्टिमाच तेव्हा भारताच्या पुरुष फुटबॉल संघाचे कोच होते.)

राखीव गोली: काल इथे एकाने लिहिलं, "मँचेस्टर युनायटेडच्या कोच फर्ग्युसनने 1986 ते 1990 काही जिंकलं नव्हतं, स्टिमाचलाही वेळ द्या." चहा घशाखाली उतरेना. अहो, हा माणूस 2019 पासून आहे! जानेवारीत आशियाई चषकात तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य. मंगळवारी गुवाहाटीत वर्ल्ड कप पात्रतेची मॅच, कर्णधार छेत्रीची 150वी, त्याच्याच पेनल्टीवर पुढे, आणि शेवटी 1-2. कुणाकडून? कतारकडून 8 गोल खाल्लेल्या अफगाणिस्तानकडून. त्यांचे निम्मे चांगले खेळाडू तर फेडरेशनशी भांडून घरी बसलेत.

कूपरेज कट्टा: 2023 मध्ये लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या तेव्हा तूच लाडू वाटत होतास. कोच काय करणार? आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) सगळ्या क्लबांना फॉरवर्ड परदेशी हवा. छेत्री 39चा झाला, मागे कोण आहे?

राखीव गोली: तीन स्पर्धा, त्याही घरच्या मैदानावर. आणि त्यातल्या एकीत स्टिमाच साहेब पाकिस्तानच्या खेळाडूच्या हातातला बॉल हिसकावून रेड कार्ड घेऊन बसले.

पेठकरी: परदेशी फॉरवर्डचा विषय काढलाच आहे तर ऐका. माझा धाकटा भाऊ आमच्या कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाचा फॉरवर्ड. शाहू स्टेडियमवर त्याने गोल मारला की आई टीव्ही बंद करून गॅलरीत यायची, पोरं ओरडत येतात का बघायला. मग मंडळानं आफ्रिकेतला खेळाडू आणला. भाऊ गेला मागे, बचावात, राईट बॅकला. पुढच्या सीझनला बेंच. आता पेट्रोल पंपावर हिशेब बघतोय. ह्यात स्टिमाच कुठं आला?

कूपरेज कट्टा: म्हणजे कोल्हापूरनेच आयएसएलचा कित्ता गिरवला. वर फुटबॉलची पंढरी म्हणवून घ्यायचं!

पेठकरी: तुमच्या मुंबईच्या कूपरेज मैदानावर माणसं मोजायला हाताची बोटं पुरतात. आमच्याकडं दुपारी चारच्या मॅचला दुकानं ओस पडतात. नाद करू नका.

कूपरेज कट्टा: आणि मॅच संपली की दगडफेक, बंदोबस्त. तेही सांगा.

पेठकरी: होतं कधी कधी. पण अनिकेत जाधव 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, तो ह्याच मातीतला.

राखीव गोली: अरे धागा कुठला, भांडताय कशावर! मुद्दा कोचचा आहे.

पेठकरी: कोचचंच सांगतो. आमच्या तालमीनं एका सीझनला तीन कोच बदलले. तिसरा खजिनदाराचा मेहुणा. हरलो ते हरलोच, वर तिघांचे पैसे देणं लागलो. इथं तर फेडरेशननं 2026 पर्यंत करार वाढवून ठेवलाय, हाकलला तर भरपाई कोण देणार, तुम्ही?

राखीव गोली: करार वाढवणाऱ्यांना आधी हाकला, हे मान्य. पण वर्ल्ड कप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत नाही नेलं तर जाईन, असं तो स्वतःच म्हणालाय ना? 6 जूनला कुवेतशी मॅच आहे. तोवर राहू दे बापडा.

कूपरेज कट्टा: उपकार झाले. आणि जिंकलो तर?

राखीव गोली: तर पेठकरींच्या भावाला फॉरवर्ड घ्या म्हणून मी स्वतः पत्र लिहीन.

पेठकरी: त्याचा गुडघा गेलाय. राईट बॅकला खेळतानाच.