अर्धे आयुष्य मानसिक आजारात गेल्यावर कोणाचे दिवस पालटले आहेत का?

प्रश्न (यावल तालुका)

माझे वय 42 आहे. दहावीच्या सुट्टीत मला पहिल्यांदा नैराश्याने गाठले, तेव्हा घरच्यांनी ते बाहेरचे समजून भगताकडे नेले. पुढे जळगावला औषधोपचार सुरू झाले, परंतु चार-सहा महिने बरे गेले की गोळ्या बंद करायच्या आणि केळीच्या कापणीच्या ऐन दिवसांत पुन्हा अंथरूण धरायचे, असे आजवर पाच वेळा झाले आहे. महिन्याभरात बरे झालेल्यांच्या कहाण्या मला नको आहेत. ज्यांची वीस-पंचवीस वर्षे यात गेली, त्यांच्यापैकी कोणी सावरले का, आणि नेमके कशाने?

उत्तर 1 (अमळनेर)

दादा, मला विसाव्या वर्षापासून द्विध्रुवी विकार (कधी उन्माद म्हणजे अति उत्साह, तर कधी नैराश्य) आहे आणि आज मी 51 वर्षांचा आहे. उन्मादावर लिथियम या औषधाचा उपयोग ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी 1949 मध्येच मांडला होता. मला मात्र ते नेमाने घेण्याची अक्कल तीनदा दवाखान्यात भरती झाल्यावर आली. गेल्या चौदा वर्षांत भरती व्हावे लागलेले नाही. आपल्याकडचा उन्हाळा हीच खरी परीक्षा असते, कारण घामावाटे पाणी आणि मीठ गेले की रक्तातील लिथियम वाढते, हात थरथरतात, तोल जातो. म्हणून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी मी लिथियमची पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांची तपासणी करून घेतो, आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाही. झोप दोन रात्री उडाली की पत्नी मला न विचारता डॉक्टरांना फोन करते. तसे आम्ही मी बरा असतानाच ठरवून ठेवले आहे. (पहिल्या वर्षी मला त्याचा रागच येत असे.)

उत्तर 2 (धुळे)

माझ्या धाकट्या भावाला बावीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणे, भ्रम होणे असा आजार) आहे. दोन औषधांनी गुण आला नाही, तेव्हा क्लोझापिन सुरू केले. त्याने पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका असल्यामुळे पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागले, आणि त्या फेऱ्यांनी आम्ही थकून गेलो होतो. त्याला आवाज अजूनही ऐकू येतात, परंतु "शेजारचा रेडिओ लागला आहे" असे म्हणून तो हातातले काम पुढे चालू ठेवतो. अनेक वर्षे तो पाहुणे आले की खोलीचे दार लावून घेत असे. मागच्या श्रावणात मात्र कानबाईच्या रोटांना (आपल्या खानदेशातील देवीच्या उत्सवाच्या जेवणाला) तो भाऊबंदांच्या पंगतीत बसला आणि त्याने दुसऱ्यांदा खीर मागून घेतली.

उत्तर 3 (शिरपूर)

पाच वेळा उलटलेल्या नैराश्यात बरे वाटू लागल्यावरही औषध दोन वर्षे किंवा त्याहून अधिक चालू ठेवण्याचा सल्ला सहसा दिला जातो. आपला प्रत्येक झटका गोळ्या बंद केल्यावर आला, हे आपण स्वतःच लिहिले आहे, त्यामुळे डॉक्टरांना सर्वांत आधी हेच सांगावे. मन फारच खचले, जगणे नकोसे वाटले, तर 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर रात्रीही विनामूल्य बोलता येते आणि मराठीतून बोलणारे समुपदेशक मिळतात.

प्रश्नकर्ता

गोळ्या सोडणे आणि आजार उलटणे यांची तारखांनिशी सांगड मी कधी घातलीच नव्हती. काल जुन्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या. पाचही वेळा मधे दोन-तीन महिनेच गेले आहेत. येत्या सोमवारी त्या घेऊन जळगावला जातो आहे, आणि पत्नीलाही सोबत नेतो आहे.