प्रीव्ह्यूत चोख, कागदावर सरकलेलं

नवशिक्या:
आडतीच्या दुकानासाठी सी शार्प भाषेत, विनफॉर्म्समध्ये (विंडोजच्या खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवायची सोय) बिलाचं सॉफ्टवेअर करतोय. रकाने कागदावर आधीच छापलेले आहेत, मला नुसते आकडे त्यात बसवायचेत. प्रीव्ह्यूत सगळं चोख पण लेझरवर काढलं की सगळं साधारण 4 मिमी उजवीकडे आणि तेवढंच खाली, वजनाचा आकडा नेमका रेघेवर. कोडमध्ये 4 वजा केले तर दुसऱ्या प्रिंटरवर पुन्हा भलतंच. ड्रायव्हर दोनदा काढून परत टाकला.

जुनं खोड:
लेझरला कागदाच्या काठापर्यंत छापता येत नाही, तेवढी पट्टी सोडून तुझा 0,0 (मोजायला सुरुवात होते तो बिंदू) सुरू होतो. प्रीव्ह्यूत मात्र 0,0 म्हणजे कागदाचा कोपराच. पट्टी प्रत्येक मॉडेलची वेगळी, म्हणून 4 वजा करणं सोड. प्रिंटडॉक्युमेंटचं (छपाई सांभाळणारा कोडमधला ऑब्जेक्ट) ओरिजिनॲटमार्जिन्स हे सेटिंग ट्रू कर, चारही मार्जिन 0 ठेव, मग पट्टी किती ते ड्रायव्हरला विचारून आपोआप वजा होतं.

नवशिक्या:
केलं दादा, आता उलटंच! सगळं वर डावीकडे पळालं, पहिली ओळ अर्धी कापली जातेय.

जुनं खोड:
पेजयुनिट, म्हणजे छपाईचं मोजायचं एकक, मिलिमीटर केलंयस का कुठे?

नवशिक्या:
हो, पट्टीने मोजलेलं सरळ टाकता यावं म्हणून…

जुनं खोड:
मग तेच. ती वजाबाकी इंचाच्या शंभराव्या भागात असते, तुझ्याकडे 16 च्या आसपास, आणि तू नंतर युनिट बदललंस की तेच 16 मिलिमीटर धरले जातात. युनिट आहे तसं राहू दे, मिमीला 0.254 ने भाग. ए-फोर 827 बाय 1169 आला पाहिजे, ताळा करून बघ.

कार्बनकॉपी:
आडत म्हणजे गिऱ्हाईक आज ना उद्या डॉट मॅट्रिक्स (शाईच्या फितीवर पिना ठोकून छापणारा प्रिंटर) काढणारच. तिथे 10 बाय 6 इंची कागद लावलाय आणि ड्रायव्हरमध्ये ए-फोर राहिलंय असं झालं की दर बिलामागे एक पान कोरं जातं, वर छपाई दरवेळी 8 मिमी वर चढत जाते ते वेगळंच. कोडमधून पेपरसाइज दिला तरी काही ड्रायव्हर ऐकत नाहीत, त्यामुळे विंडोजच्या प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये त्या मापाचा फॉर्म (कागदाच्या मापाची नावासकट नोंद) बनव आणि कोडमध्ये तो नावाने उचल. मी तर ड्रायव्हरच्या नादी न लागता रॉ मोडमध्ये, म्हणजे थेट प्रिंटरला, ईएससी-पी कोड (डॉट मॅट्रिक्सची आज्ञांची भाषा) पाठवतो, 36 ओळींचं पान, झरझर निघतं. पण अक्षरं प्रिंटरची स्वतःची, त्यामुळे मराठी विसर.

नवशिक्या:
0.254 ने काम झालं, दोन्ही लेझरवर आकडे रकान्यात! रॉ जमणार नाही, शेतकऱ्यांची नावं मराठीत हवीत, ड्रायव्हरमधून डॉट मॅट्रिक्स कितीही रेंगाळला तरी चालेल म्हणालेत दुकानवाले. फॉर्म उद्या दुकानात जाऊन बनवतो.