मदत हवी आहे: महाबळेश्वरच्या उतारावर पपई, कढीपत्ता जगवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

वेण्णा तलावाच्या बाजूला उतारावर आमची १२ गुंठे जागा आहे. तीन टप्पे पाडलेत, जांभ्याचे बांध घातलेत. सर्वांत खालच्या टप्प्याची माती झकास, पाणीही जवळ, म्हणून पपई, केळी, कढीपत्ता सगळं तिथेच लावलं. जानेवारीत एका पहाटे गवतावर हिमकण! (पर्यटक फोटो काढत होते, मी कपाळाला हात लावून बसलो होतो.) दोन दिवसांत पपईची पानं उकडल्यासारखी लोंबली, केळी काळी पडली, कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या उरल्या.

आणि वरच्या टप्प्यावर, घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला टेकून, आईने तेलाच्या डब्यात लावलेला कढीपत्ता मजेत! उंचीत फरक जेमतेम २० फूट. उंचावर थंडी जास्त ना? मग तापमापक टांगून पाहिले. पहाटे सहाला खाली ३ अंश, वर ७.

खालच्या बांधावर दुरंताचं दाट कुंपण आहे, वारा अडावा म्हणून मुद्दाम वाढवलेलं. त्याचा काही संबंध असेल का? केळी उपटून टाकू का?

प्रतिसाद:
संबंध आहेच. रात्री थंड हवा जड होऊन पाण्यासारखी उतारावरून खाली येते आणि तुमच्या कुंपणामागे तुंबते. कुंपणात बुडापासून तीन-चार फुटांची वाट मोकळी करा. वरची भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडते, आईंनी बरोबर जागा हेरली. नाजूक झाडं तिकडेच न्या.

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल ती रात्र धोक्याची. त्या दिवशी माती ओली ठेवा, ओल्या मातीत ऊब जास्त साठते. गोणपाट काठ्यांवर टाकून थेट जमिनीपर्यंत सोडा. नुसतं शेंड्याला गुंडाळून उपयोग नाही, ऊब जमिनीतूनच येते. केळी उपटू नका, कंद जिवंत असेल तर उन्हाळ्यात कोंब येईल.

धागाकर्ता:
आईला वाचून दाखवलं, आता तिच्यापुढे बोलायची सोय नाही. पण त्या भिंतीवर पावसाळ्यात पागोळ्यांचा मारा असतो, शिवाय आम्ही तिथे गवताच्या झड्या (भिंत पावसापासून झाकणारे आडोसे) बांधतो. पपईच्या मुळाशी पाणी साचलं की ती सडणार. भिंतीपासून किती लांब, किती उंच वरंब्यावर लावू, म्हणजे ऊबही मिळेल आणि पागोळीही चुकेल?